फिरफिर: इथिओपियातली तिखट, आंबूस उपासाची न्याहारी आपल्या स्वयंपाकघरात

इथिओपियात सकाळी उपाहारगृहात गेलात तर बहुतेक टेबलांवर एक लालभडक पदार्थ दिसतो. इंजेरा नावाच्या आंबवलेल्या, जाळीदार भाकरीचे तुकडे, कांदा आणि मिरचीच्या दाट रश्शात घोळवलेले. खाली अख्खी इंजेरा पसरलेली, वर हा लाल ढीग आणि बाजूला उभी चिरलेली हिरवी मिरची. हा फिरफिर. शेजारच्या एरिट्रियात याच घराण्यातल्या पदार्थांना फितफित म्हणण्याची पद्धत जास्त आहे. इथिओपियात दोन्ही शब्द चालतात. तिथे गरम रश्शातला तो फिरफिर आणि टोमॅटो, कांदा, लिंबू घालून न शिजवता कालवलेला तो फितफित, असा ढोबळ फरक करतात, पण घरोघरी तो पाळला जातोच असं नाही.

मराठी माणसाला हा पदार्थ एका वाक्यात सांगायचा तर फोडणीच्या पोळीची दूरची, बरीच जहाल बहीण. कल्पना तीच: उरलेली भाकरी वाया घालवायची नाही. फक्त इथे कांद्याला फोडणीपेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो आणि भाकरी आंबट असते.

या लेखात मी उपासाचा फिरफिर घेतला आहे, म्हणजे 'येत्सोम फिरफिर'. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चचे लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. शिवाय ईस्टरच्या आधीचा 55 दिवसांचा मोठा उपास असतो, ऑगस्टमधला 15 दिवसांचा असतो आणि आणखीही काही आहेत. या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं बंद. कांदा-लसूण मात्र चालतो, तिखट चालतं, डाळी चालतात. आपल्या साबुदाण्याच्या उपासाशी याचा काही संबंध नाही, पण आपल्या दृष्टीने फायदा असा की या एका धर्मनियमामुळे इथिओपियाकडे दूध-तूपही नसलेल्या शाकाहारी पदार्थांचा मोठा साठा तयार झाला आहे. फिरफिर त्यातला सर्वांत सोपा.

सोपा म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं सोपी. त्याआधी तीन गोष्टी हाताशी लागतात: इंजेरा, बेर्बेरे मसाला आणि नीट परतलेला कांदा. शुक्रवारी रात्री पीठ भिजवा, रविवारी सकाळी इंजेरा काढा, ताज्या खा आणि उरलेल्यांचा सोमवारी फिरफिर करा. हे वेळापत्रक मला सर्वांत सोयीचं वाटतं, कारण फिरफिरला आदल्या दिवशीची, थोडी सुकलेली इंजेराच हवी. ताजी घातली तर लगदा होतो.

तेफ नाही म्हणून अडून बसू नका

इंजेरा मूळची तेफ या धान्याची. तेफचा दाणा इतका बारीक असतो की राजगिरासुद्धा त्याच्यापुढे मोठा वाटावा. इथिओपियाच्या पठारावर हे धान्य हजारो वर्षं पिकतं, त्यात ग्लुटेन नसतं आणि त्याची इंजेरा मऊ, लवचीक होते. भारतात तेफचं पीठ ऑनलाइन मिळतं, पण महाग पडतं. पहिल्याच प्रयत्नासाठी ते मागवायची गरज नाही.

याला कारण आहे. खुद्द इथिओपियात सगळी इंजेरा तेफची नसते. तेफ तिथेही महागच. ज्या भागात ज्वारी पिकते तिथे ज्वारीची इंजेरा होते, काही भागांत नाचणीची किंवा तेफमध्ये नाचणी मिसळून, कुठे जव, कुठे मका, आणि शहरांत तांदळाचं पीठ मिसळून. ज्वारीला तिथे माशिला म्हणतात, नाचणीला दागुसा. आणि ही दोन्ही धान्यं मुळात तिकडचीच आहेत. ज्वारी ईशान्य आफ्रिकेतली, आजच्या सुदानच्या आसपासची, तर नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ पट्ट्यातली. मलिक अंबर तिकडून दख्खनमध्ये येऊन निजामशाही सांभाळू लागला त्याच्या कितीतरी शतकं आधी ही धान्यं इथे येऊन आपली झाली होती. तेव्हा ज्वारी-नाचणीची इंजेरा करताना आपण काही तडजोड करतोय असं मनात आणू नका. तिकडच्या कुठल्यातरी खेड्यात आज तशीच इंजेरा होत असेल.

ज्वारीचा एक दोष मात्र मान्य करायला हवा. तिची इंजेरा दुसऱ्या दिवशी तेफच्या मानाने लवकर कडक होते. नुसती खायची तर ही अडचण, फिरफिरसाठी चांगलंच.

पीठ भिजवणं आणि आंबवणं

वाटी म्हणजे इथे साधारण 200 मिलिलिटरची. दोन वाट्या ज्वारीचं ताजं, बारीक दळलेलं पीठ, अर्धी वाटी नाचणीचं पीठ आणि अर्धी वाटी कणीक घ्या. ग्लुटेन टाळायचं असेल तर कणकेऐवजी तांदळाचं पीठ घ्या. इंजेरा जरा ठिसूळ होईल, एवढंच. तीनही पिठं चाळून त्यात अडीच वाट्या कोमट पाणी हळूहळू घालत, गुठळ्या मोडत कालवा. विरजण म्हणून डोशाचं किंवा इडलीचं जुनं, आंबलेलं पीठ दोन चमचे घाला. तेही नसेल तर यीस्टचे दोन-चार दाणे पुरतात, पण मग आंबटपणा यायला एक दिवस जास्त द्या. मीठ आता घालू नका.

भांडं मोठं घ्या, पीठ फुगतं. झाकण सैल ठेवा. मुंबईच्या किंवा कोकणाच्या उकाड्यात दीड दिवस पुरतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत दोन-तीन दिवस लागतात. इथिओपियातही साधारण दोन ते चार दिवस आंबवतात. मधे रोज एकदा ढवळलं तरी चालतं, नाही ढवळलं तरी बिघडत नाही.

पीठ तयार झालं हे कसं ओळखायचं? खाली पीठ बसतं आणि वर पिवळसर पाणी येतं. वास आंबट येतो, ताकाच्या जवळपासचा. हे वरचं पाणी म्हणजे एर्शो, तिकडचं विरजण. ते अलगद ओतून काढा, त्यातलं अर्धी वाटी काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि उरलेलं टाकून द्या. पुढच्या वेळी डोशाचं पीठ शोधत बसावं लागणार नाही. आणि दर खेपेला इंजेराची चव सुधारत जाते ती या एर्शोमुळे.

पिठावर गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट-काळे डाग दिसले, किंवा वास आंबटऐवजी कुजका आला, तर वरचं काढून खालचं वापरू असं करू नका. सगळं फेकून द्या.

अब्सित: ही पायरी गाळू नका

इंटरनेटवरच्या पुष्कळ झटपट कृतींमध्ये ही पायरी नसते आणि मग लोक विचारतात की इंजेराला भेगा का पडल्या. आंबलेल्या पिठातलं अर्धी वाटी पीठ छोट्या पातेल्यात घ्या, त्यात दीड वाटी पाणी घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. चार-पाच मिनिटांत ते दाट, चकचकीत होतं. यालाच अब्सित म्हणतात. शिजल्यामुळे पिठातला स्टार्च चिकट होतो आणि ग्लुटेन नसलेल्या धान्याला जी पकड नसते ती त्यातून मिळते. शिवाय आंबवणाऱ्या जिवाणूंना आणि यीस्टला नवं खाद्य मिळतं, त्यामुळे पीठ पुन्हा जोमाने फुगतं.

अब्सित कोमट होऊ द्या. गरम असताना मिसळलं तर आंबवणं तिथेच थांबेल. कोमट झालं की मुख्य पिठात घालून नीट फेटा, पाऊण चमचा मीठ घाला आणि झाकून तास-दोन तास ठेवा. वर बारीक बुडबुडे फुटू लागले की तव्याकडे वळायचं. पीठ डोशापेक्षा पातळ, साधारण घावनाच्या पिठासारखं हवं. लागलं तर पाणी घाला. 

खायचा सोडा घालू का, असा प्रश्न येतोच. माझं मत: नको. सोड्याने जाळी पडते खरी, पण दोन दिवस थांबून आणलेला आंबटपणा तो मारून टाकतो, आणि आंबटपणा नसेल तर फिरफिर नुसता तिखट लागतो.

इंजेरा काढणं

तिकडे मिताद नावाची मोठी मातीची तवी वापरतात, आता शहरांत विजेवर चालणारीही. त्यावर निघणारी इंजेरा दीड-दोन फूट व्यासाची असते. आपल्याला घरचा नॉनस्टिक तवा किंवा चांगला रुळलेला बिडाचा तवा पुरे. तेल लावायचं नाही. तेल लावलं की पीठ घसरतं आणि डोळे उघडत नाहीत. इंजेराच्या वरच्या छिद्रांना तिकडे डोळेच म्हणतात, आणि इंजेराची परीक्षा त्यांवरून होते.

तवा मध्यम ते मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून जायला हवा. तोंडाला चोच असलेल्या भांड्यातून पीठ बाहेरच्या कडेने सुरू करून गोल-गोल आत, मध्यापर्यंत ओता. डोशासारखं मधे ओतून पळीने पसरवायचं नाही. पळी फिरली की बुडबुडे मोडतात. आता झाकण न ठेवता थांबा. तीस-चाळीस सेकंदांत कडेपासून डोळे उघडायला लागतात आणि आत सरकत जातात. सगळीकडे उघडले की मगच झाकण ठेवा आणि एक-दीड मिनिट वाफेवर शिजू द्या. कडा आपोआप सुटून वर उचलल्या गेल्या आणि पृष्ठभाग ओला दिसेनासा झाला की झाली. उलटायची नाही. इंजेरा एकाच बाजूने भाजतात.

तव्यावरून ती सरकवून स्वच्छ सुती कापडावर घ्या. गरम इंजेरा एकावर एक ठेवल्या तर चिकटून त्यांचा गोळा होतो, म्हणून आधी पूर्ण गार होऊ द्या. या मापात घरच्या तव्याच्या साधारण दहा इंजेरा होतात. पहिल्या दोन बहुधा बिघडतात, त्या फिरफिरमध्ये कुणाला कळत नाहीत.

डोळे पडले नाहीत तर बहुतेक वेळा पीठ दाट असतं किंवा तवा पुरेसा तापलेला नसतो. झाकण घाईने ठेवलं तरीही तेच होतं. डोळे पडले पण इंजेरा चिवट झाली, तर कणीक जास्त पडली.

दोन दिवसांचा वेळ नसेल तर

मग चेचेब्सा करा. ओरोमो लोकांची ही न्याहारी, आंबवणं नाही. मैद्याचं किंवा कणकेचं पातळसर पीठ तव्यावर पसरून जाड धिरड्यासारखी भाकरी करतात, तिला कीता म्हणतात, म्हणून या पदार्थाला कीता फिरफिर असंही नाव आहे. कीता गरम असतानाच बोटांनी लहान तुकडे करायचे आणि बेर्बेरे मिसळलेल्या गरम लोण्यात घोळवायचे. उपासाला लोण्याऐवजी तेल. ओला रस्सा यात नसतो. अर्ध्या तासात होतं आणि मुलांना सहसा आवडतं, वरून थोडा मध घातला तर नक्कीच.

परदेशात राहणाऱ्यांचं काम तर आणखी सोपं आहे. वॉशिंग्टनच्या आसपास इथिओपियन लोकांची मोठी वस्ती आहे, लंडन, टोरांटो, दुबईतही त्यांची दुकानं आहेत. तिथे तयार इंजेरा पिशवीत मिळते. दोन दिवसांची शिळी असेल तर जास्तच चांगली.

बेर्बेरे

बेर्बेरे म्हणजे तिखट आणि गरम मसाला यांची एकत्र पूड. तिकडे वर्षाचा मसाला घरी करण्याची पद्धत अजून आहे: लाल मिरच्या, आलं, लसूण, छोटे कांदे एकत्र कुटायचे, उन्हात वाळवायचे, मग मसाल्याचे जिन्नस घालून दळून आणायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात डंकावर मसाला करून आणणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण छोट्या बरणीपुरतं करू.

बारा-पंधरा ब्याडगी मिरच्या रंगासाठी आणि चार-पाच तिखट मिरच्या, संकेश्वरी किंवा गुंटूर, झणक्यासाठी. देठ आणि शक्य तेवढ्या बिया काढून मंद आचेवर कोरड्याच गरम करा. काळ्या पडू देऊ नका. मग एक मोठा चमचा धणे, अर्धा छोटा चमचा मेथी, अर्धा छोटा चमचा ओवा, अर्धा छोटा चमचा कलौंजी, सात-आठ मिरी, तीन लवंगा आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा वेगळे भाजा. मेथी फक्त सोनेरी होईपर्यंत. ती लाल झाली की सगळा मसाला कडू. हे सगळं गार करून त्यात एक मसाला वेलची आणि दोन हिरव्या वेलच्यांचे दाणे, अर्धा चमचा सुंठ, एक चमचा लसणाची पूड, चिमूटभर जायफळ आणि एक छोटा चमचा मीठ घालून बारीक दळा.

वेलचीबद्दल थोडं. मूळ मसाल्यात कोरारिमा असते, इथिओपियातली वेलची. ती आपल्याकडे मिळत नाही. नुसती हिरवी वेलची घातली तर मसाला गोडसर, मिठाईकडे झुकतो. नुसती मसाला वेलची घातली तर धुराचा वास येतो. म्हणून दोन्ही थोड्या थोड्या. तुळशीच्या कुळातली बेसोबेला नावाची एक वाळवलेली पानंही तिकडे घालतात. घरच्या तुळशीची पाच-सहा पानं सावलीत वाळवून चुरडून घातली तर त्या दिशेने जरा जाता येतं, नाही घातली तरी चालेल.

कलौंजी आणि ओवा मात्र गाळू नका. बेर्बेरेला कांदा-लसूण मसाल्यापासून वेगळं काढतात ते हे दोन. आणि हळद अजिबात नको. तिकडे हळद घातली की पदार्थाची जातच बदलते: तो अलिचा होतो, पिवळा आणि सौम्य. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांच्यासाठी बेर्बेरेऐवजी पाव चमचा हळद आणि एक हिरवी मिरची घालून अलिचा फिरफिर करता येतो. घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर अर्धा तसा काढा.

कांदा, आणि फक्त कांदा

सगळा फिरफिर इथे जिंकला किंवा हरला जातो.

दोघांसाठी तीन मध्यम लाल कांदे, साधारण 300 ग्रॅम. नाशिकचा लाल कांदा याला उत्तम. तिकडेही लाल कांदाच वापरतात. पोह्यांसाठी चिरतो त्याहून बारीक चिरा, जवळजवळ किसल्यासारखा. मिक्सरमधून काढला तर पाणी सुटतं आणि उग्र वास राहतो, त्यामुळे सुरीच बरी.

जाड बुडाचं पातेलं मंद-मध्यम आचेवर ठेवा आणि कांदा घाला. तेल नाही. हेच वाचून लोक बिचकतात, पण इथिओपियातल्या लाल रश्शांची सुरुवात अशीच होते. पहिली पाच मिनिटं कांदा स्वतःचं पाणी सोडतो, पातेल्यात वाफ कोंडते, डोळे झोंबतात. मग ते पाणी आटतं आणि आवाज बदलतो: फसफस थांबून कोरडं चुरचुरणं सुरू होतं. आता कांदा बुडाला धरायला लागेल. धरला की चमचाभर पाणी घाला, लाकडी उलथन्याने खरवडा, पुन्हा धरू द्या, पुन्हा पाणी. पंधरा-वीस मिनिटांत त्या ढिगाचा पाव भाग उरतो, पांढरेपणा जातो, रंग गुलाबीसर तपकिरी होतो आणि उलथन्याने दाबलं तर कांदा लगद्यासारखा पसरतो. तळलेल्या कांद्यासारखा कुरकुरीत किंवा गडद करायचा नाही. बिर्याणीचा कांदा वेगळा.

आता चार मोठे चमचे तेल. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं. हात आखडता घेऊ नका, उपासाच्या फिरफिरला लोण्याचा आधार नसतो. दोन मिनिटं परता आणि दोन मोठे चमचे बेर्बेरे घाला. पहिल्यांदा करत असाल तर दीड. मसाला पडताक्षणी दोन-तीन चमचे पाणी घालायला तयार राहा. मसाला तेलात शिजायला हवा, जळायला नको. पाणी घालत, परतत आठ-दहा मिनिटं द्या. कच्च्या मिरचीचा नाकात जाणारा ठसका जाऊन गोडसर खमंग वास येईल आणि तेल कडेला लाल होऊन सुटेल. या तयार मसाल्याला तिकडे कुलेत म्हणतात. कोंबडीची दोरो वत असो की मसूरची मिसिर वत, बहुतेक लाल पदार्थांचा पाया हाच. जास्त करून फ्रिजमध्ये ठेवलात तर आठवडाभर टिकतो आणि रोजच्या जेवणात कुठेही उपयोगी पडतो.

आता फिरफिर

कुलेतमध्ये पाच-सहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं ठेचून घाला, मिनिटभर परता. दोन पिकलेले टोमॅटो बारीक चिरून किंवा किसून घाला. टोमॅटो सगळेच घालत नाहीत, पण ज्वारीची इंजेरा तेफपेक्षा कमी आंबट होते, तिला टोमॅटोची मदत होते. तो विरघळून तेल पुन्हा सुटेपर्यंत शिजवा. मग दीड वाटी गरम पाणी आणि मीठ घालून उकळी आणा. मीठ बेतानं, इंजेरात आणि मसाल्यातही आहे.

रस्सा या वेळी थोडा पातळच दिसायला हवा. इंजेरा तो पिऊन टाकते.

घरच्या तव्यावरच्या चार इंजेरा घ्या. हाताने रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे तुकडे फाडा. सुरीने कापू नका, फाटलेल्या कडा रस्सा जास्त शोषतात. आच बारीक करा, तुकडे एकदम न घालता दोन-तीन वेळा करून घाला आणि उलथन्याने खालून वर उचलत घोळवा. ढवळलं तर पीठ होईल. प्रत्येक तुकडा बाहेरून लाल आणि आतून अजून थोडा फिका, असा क्षण येतो. तिथेच गॅस बंद. झाकून दोन मिनिटं ठेवा. कोरडा वाटला तर गरम पाण्याचा हबका मारा. ओलाच ओला झाला असेल तर आणखी एक इंजेरा फाडून घाला, हा सर्वांत साधा इलाज.

इंजेरा फार सुकून कडक झाली असेल तरी चालते. तिकडे इंजेराचे तुकडे मुद्दाम उन्हात खडखडीत वाळवून ठेवतात, त्यांना दिरकोश म्हणतात. प्रवासाला, दूर शिकायला जाणाऱ्या मुलांबरोबर द्यायला ते सोयीचे. रस्सा तयार केला आणि मूठभर दिरकोश टाकले की झाला फिरफिर. महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या उन्हात हे सहज जमतं. पावसाळ्यात करू नका, बुरशी येते. दिरकोश वापरताना पाणी अर्धी वाटी जास्त लागेल.

वाढायची रीत अशी: ताटात एक अख्खी इंजेरा, डोळे वर करून. तिच्यावर फिरफिर. बाजूला लिंबू पिळलेला टोमॅटो-कांदा आणि उभी चिरलेली मिरची. खालच्या इंजेराचा तुकडा तोडायचा, त्यात फिरफिर चिमटीत धरायचा आणि उजव्या हाताने खायचा. म्हणजे भाकरीनं भाकरी खाणं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जेवताना शेजारच्याला आपल्या हाताने घास भरवण्याची तिकडे रीत आहे, त्या घासाला गुर्शा म्हणतात. कुणी भरवला तर नाही म्हणू नये. आपल्याकडची मंडळी सोबत दही मागतील. उपासाचा नियम मोडेल, पण पोटाला बरं. दही नको असेल तर काळा चहा, भरपूर साखरेचा.

उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहायचं नसेल तर तिमातिम फितफित करा: टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची बारीक चिरून त्यात लिंबू, तेल, मीठ आणि चिमूटभर बेर्बेरे, मग इंजेराचे तुकडे. दहा मिनिटं मुरू द्या, गारच खा.

उरलेल्या इंजेरा कापडात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. बेर्बेरे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उजेडापासून दूर. एर्शो आठवड्या-दहा दिवसांत वापरा, नाहीतर चमचाभर पीठ घालून पुन्हा जागं करा. तयार फिरफिर मात्र ठेवू नका, दुसऱ्या वेळेला तो चिखल होतो. 

कधी आदिस अबाबाला जाणं झालं तर उपाहारगृहात नुसतं 'फिरफिर' म्हणून थांबू नका. साध्या फिरफिरमध्ये नितर किब्बे, म्हणजे मसाल्यात कढवलेलं लोणी, सर्रास असतं, आणि क्वांता फिरफिर मागवलात तर त्यात वाळवलेल्या गोमांसाचे तुकडे येतात. 'येत्सोम फिरफिर' म्हणा, म्हणजे उपासाचा. बुधवारी-शुक्रवारी तो बहुतेक ठिकाणी मिळतो. इतर दिवशीही विचारून बघा, पण मुस्लिम किंवा प्रोटेस्टंट मालकाच्या खाणावळीत उपासाचं वेगळं काही शिजत असेलच असं धरून चालू नका.